गिनीचा जेंबेवादक घडतो कसा, आणि पुढे त्याचं काय होतं

प्रश्न असा आहे: पश्चिम आफ्रिकेतले ढोल वाजवणारे आणि नाचणारे कलाकार घडतात कसे, त्यांचं पोट कशावर चालतं, आणि तबला किंवा ढोलकीवर हात बसलेल्या माणसाला त्यांच्याकडे शिकायचं असेल तर आधी काय ठाऊक असावं?

पश्चिम आफ्रिका म्हणजे डझनाहून जास्त देश, त्यामुळे सरसकट उत्तर दिलं तर ते चुकेल. सेनेगलमधला साबार हा ढोल एका हातात काठी आणि दुसरा हात मोकळा ठेवून वाजवतात, आणि तो वोलोफ समाजातल्या ठरावीक घराण्यांकडे असतो. डाकारचे दूदू न्द्याय रोझ (१९३०-२०१५) त्याच परंपरेतले. नायजेरियातल्या योरुबांचे बोलके ढोल आयान कुळांकडे असतात. मुलाच्या नावातच आयान येतं. घानातल्या एवे लोकांच्या मांडणीत घंटा, खुळखुळा आणि चार-पाच ढोल यांची विणकामासारखी गुंतागुंत असते. जगभर आज ज्याला लोक ‘आफ्रिकन ड्रम’ म्हणतात तो मात्र बहुतेक वेळा जेंबे असतो, म्हणजे पेल्याच्या आकाराचा, हातांनी वाजवायचा ढोल. त्याचं मूळ गिनी आणि माली यांच्या सीमेवरच्या मानिंका समाजाच्या मुलखात आहे. हे उत्तर त्याच मुलखाबद्दल आहे.

एक गैरसमज आधीच बाजूला करू. जंजिऱ्याचे सिद्दी किंवा गुजरातेतले ‘धमाल’ हा नाच करणारे सिद्दी यांची मुळं पूर्व आफ्रिकेतली. त्यांच्या ढोलांचा जेंबेशी थेट संबंध नाही.

मानिंका समाजात जेंबे वंशपरंपरेने येत नाही, आणि बऱ्याच लोकांना याचंच आश्चर्य वाटतं. स्तुती गाणारे, वंशावळी सांगणारे जेली वेगळे. त्यांची वाद्यं लाकडी पट्ट्यांचा बालाफोन, आणि तारांचे कोरा व न्गोनी. जेंबेचं खोड कोरण्याचं काम नुमू म्हणजे लोहार समाजाचं. वाजवायला मात्र कोणाच्याही घरातला पोरगा बसू शकतो, फक्त त्याच्यात ते दिसायला हवं. शिकवणी अशी नसते. पोरं डबे बडवतात, मोठ्यांच्या मागे उभी राहतात, मग कधीतरी साथीचा एक ठेका हातात मिळतो. तो अर्धी रात्र न हलता, न वाढवता वाजवता आला तर पुढचा मिळतो. मुख्य वादक, म्हणजे जेंबेफोला, व्हायला वर्षं लागतात, कारण त्याला ताल यावे लागतातच, शिवाय कोणत्या प्रसंगी कोणता ताल वाजतो आणि त्यावर कोण नाचतं हेही यावं लागतं. सोली सुंतेच्या विधीआधी वाजतो. कासा शेतातल्या कामाला वाजतो, तेव्हा वादक राबणाऱ्यांबरोबर ओळीने पुढे सरकतात. मेंदियानी लहान मुलींचा. मोरिबायासा तर बाईचा नवस फिटल्यावरच वाजतो. ती फाटके कपडे घालून गाण्याबरोबर गावाला फेऱ्या घालते. असे काही प्रसंग वर्षानुवर्षं येत नाहीत, म्हणून तो ताल तरुणांच्या कानावर पडतच नाही.

आता गाभ्याकडे येऊ. जेंबेफोला नर्तकासाठी वाजवतो, आणि त्याची पत नर्तकाच्या पायांवरून ठरते. गावातल्या किंवा बामाको-कोनाक्रीच्या (माली आणि गिनीच्या राजधान्यांच्या) गल्लीतल्या समारंभात लोक रिंगण करतात. एका बाजूला ढोल. रिंगणातून एकजण, कधी दोघं, ढोलांकडे येतात. हा एकल नाच बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आसपासच चालतो. वादकाने खांदे आणि पाऊल उचलण्याची तयारी पाहायची असते. पाऊल पडेल तिथे वजन द्यायचं, पण एक क्षण मागून नाही. तिथे पाऊल आणि थाप एकत्र पडली पाहिजे. मग नर्तक वेग वाढवतो किंवा वादक त्याला वेगात ओढतो. याला तिथे फ्रेंच शब्द वापरतात, ‘एशोफमाँ’: सगळे मात्रांश भरून टाकणारे दाट बोल, पोकळी न ठेवता. नर्तकाची शेवटची उडी दिसली की वादक इशारा देतो आणि तुकडा मिटतो. इशारा उशिरा पडला तर नर्तक हवेत लटकतो, लवकर पडला तर त्याचा तुकडा कापला जातो. दोन्ही वेळा हसं वादकाचं होतं. सुरुवातीला मिनिटाला साधारण ११०-१२० ठोक्यांवर चाललेला ताल शेवटी १६०च्या पलीकडे गेलेला असतो, आणि ही चढण एका झटक्यात घ्यायची नसते.

म्हणूनच तिथला वादक थोडाफार नाचतो आणि नर्तकाला साथीचे ठेके येतात. पाय कुठे जड पडणार हे अंगात नसेल तर हात तिथे वेळेवर पोचत नाही.

जेंबे पुढे दिसतो, पण ताल ओळखायचा तो डुंडुनांवरून. हे दोन्ही बाजूंनी गाईचं कातडं लावलेले, काठीने वाजवायचे आडवे ढोल. लहान केनकेनी, मधला सांगबान, मोठा डुनुनबा. हमाना भागात, म्हणजे कुरुसाच्या आसपास, प्रत्येक ढोलाला एक माणूस असतो. उजव्या हातात काठी, आणि डाव्या हाताने ढोलावर बांधलेली लोखंडी घंटा. केनकेनी ठोक धरून ठेवतो, डुनुनबा खोलवर बोलतो, सांगबानची ओळ म्हणजे तालाची ओळख. जेंबेच्या साथी वेगवेगळ्या तालांत त्याच त्या असतात, सांगबान बदलला की ताल बदलतो. जो शिक्षक नुसते जेंबेचे बोल देतो आणि सांगबान सांगत नाही, तो अर्धवट शिकवतो असं बेधडक समजा.

डुनुनबा हे ढोलाचं नाव तसंच तालांच्या एका मोठ्या कुटुंबाचंही. हमानात हा बलवान पुरुषांचा नाच मानतात. एका वयोगटाच्या ताब्यात रिंगण असतं, धाकटे त्यांना आव्हान देतात, हातात चाबूक असतात, आणि मार सहन करत नाचणं हीच परीक्षा. आज कोनाक्रीत रस्त्यावरच्या नाचाच्या मेळाव्यालाही हेच नाव लागतं. तिथे चाबूक सहसा नसतो, पण कोण आधी दमतो हे पाहायला गर्दी तितकीच.

एवढं गावाचं. ‘कारकीर्द’ म्हणतात ती गोष्ट मात्र सरकारने निर्माण केली. फोदेबा केइता यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ‘ले बाले आफ्रिकें’ ही मंडळी उभी केली. २ ऑक्टोबर १९५८ रोजी गिनी स्वतंत्र झाला आणि ही मंडळी राष्ट्रीय झाली. राष्ट्राध्यक्ष सेकू तुरे यांनी कलेची शिडी उभारली: वस्तीची मंडळी, त्यावर विभागाची, मग प्रांताची, आणि वर राष्ट्रीय. स्पर्धांतून माणसं वर यायची. वर पोचलेल्याला सरकारी पगार. याच राजवटीने त्याच काळात मुखवटे आणि गुप्त विधी ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोडीत काढायची मोहीमही चालवली. म्हणजे जंगलातला मुखवटा जाळायचा आणि त्याचा नाच रंगमंचावर आणायचा. फोदेबा पुढे मंत्री झाले, मग त्याच राजवटीने त्यांना तुरुंगात टाकलं आणि १९६९ मध्ये मारलं. तिथल्या जुन्या कलाकारांच्या बोलण्यात अभिमान आणि सावधपणा एकत्र का असतो, ते यावरून कळेल.

या शिडीचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण मामादी केइता. जन्म १९५०, सिगिरी भागातलं बालांडुगू गाव, मालीच्या सीमेजवळ. सातव्या वर्षापासून गावातले ज्येष्ठ जेंबेफोला कारिंकाजान कोंदे यांच्या हाताखाली. १९६४ मध्ये, चौदाव्या वर्षी, नव्याने उभ्या राहणाऱ्या जोलिबा या राष्ट्रीय बॅलेत, म्हणजे सरकारी नृत्यमंडळीत, निवड. कोनाक्रीसमोरच्या कासा बेटावर देशभरातून आणलेल्या तरुणांचा निवासी सराव चालायचा. वर्षभरात तो मुख्य वादक झाला, आणि १९७९ मध्ये त्या बॅलेचा कला-दिग्दर्शक. तोवर ती जागा नर्तकाकडेच जायची, ढोलवादकाला ती पहिल्यांदाच मिळाली. १९८६ मध्ये तो आयव्हरी कोस्टमधल्या आबिजानला सुलेमान कोली यांच्या कोतेबा मंडळीत गेला, १९८८ मध्ये ब्रसेल्सला. तिथे ‘सेवा काँ’ हा आपला संच काढला, १९९१ मध्ये ‘ताम ताम मांदेंग’ ही शाळा सुरू केली, आणि तिच्या शाखा पुढे अनेक देशांत निघाल्या. त्याच वर्षीच्या ‘जेंबेफोला’ या माहितीपटात तो २६ वर्षांनी आपल्या गावी परततो. शेवटची वर्षं अमेरिका, मेक्सिको आणि बेल्जियम अशी गेली. जून २०२१ मध्ये तो वारला.

दुसरी वाट फामूदू कोनाते यांची. जन्म १९४०, हमानातलं सांगबाराला. १९५९ मध्ये ते ‘बाले आफ्रिकें’त मुख्य वादक म्हणून आले आणि जवळजवळ पंचवीस वर्षं तिथे राहिले. पुढे युरोपात, विशेषतः जर्मनीत, शिकवलं; बर्लिनच्या कला विद्यापीठाने त्यांना मानद प्राध्यापक केलं. हमानाच्या डुंडुनांची ओळ शुद्ध ऐकायची तर त्यांच्या ध्वनिमुद्रणांपासून सुरुवात करा. मामादीचं वादन जास्त रंगमंचीय आणि चमकदार, कोनात्यांचं जास्त मातीचं. हे माझं मत. दोघांचे शिष्य यावर वाद घालतील.

बॅलेने संगीतात काय बदललं ते शिकणाऱ्याला माहीत हवंच. रिंगण मोडून एका बाजूला प्रेक्षक आले, त्यामुळे नर्तक ओळीत आणि ठरवून नाचू लागले. तासभर चालणारा ताल पाच मिनिटांत बसवायचा म्हणून मध्ये-मध्ये सगळ्यांनी एकत्र थांबण्याचे, उसळण्याचे तुकडे आले. तीन डुंडुन उभे करून एकाच माणसाच्या हाती दिले. घंटा गेली, पण तो वादक उड्या मारत वाजवू शकतो. वेगवेगळ्या समाजांचे ताल एका कार्यक्रमात शेजारी आले, आणि जेंबे तिथेही शिरला जिथे तो मुळात नव्हता. किनाऱ्याकडचा सिंते क्रिनवर, म्हणजे पोकळ लाकडी ओंडक्यावर वाजायचा, सिएरा लिओनकडचा जोले चौकटीच्या डफांवर. आज हे दोन्ही ताल वर्गांत ‘जेंबेचे ताल’ म्हणून शिकवले जातात. याला बनावट म्हणणारे शुद्धतावादी युरोपात खूप भेटतात. मला ते पटत नाही. साठ-सत्तर वर्षं हजारो लोकांनी रोज घाम गाळून केलेली गोष्ट ही स्वतःच एक परंपरा आहे. फक्त कोणता तुकडा गावाचा आणि कोणता बॅलेचा हे शिक्षकाला सांगता आलं पाहिजे.

नर्तकांचं आयुष्य यात जास्त कठीण. सराव अनवाणी, बहुतेक सिमेंटवर किंवा घट्ट मातीवर. धड पुढे झुकलेलं, गुडघे कायम वाकलेले, आणि त्यावर उड्या. आधी जातो तो गुडघा, मग टाचेवरची शीर, मग कंबर. वादक साठीतही उत्तम वाजवतो. नर्तकाला पस्तिशी-चाळिशीनंतर शिकवणं, नाच बसवणं किंवा ढोलाकडे वळणं यांतलं काहीतरी करावं लागतं. पुरुषांना ढोलाची वाट मोकळी असते. बायकांना ती फार काळ नव्हती. जेंबे पुरुषांचा हा समज गावात आजही घट्ट आहे. १९९८ मध्ये मामूदू कोंदे यांनी कोनाक्रीत फक्त बायकांचा जेंबे-संच उभा केला, जो पुढे निंबाया नावाने जगभर फिरला. तेव्हापासून मुली जेंबे घेऊन बसल्या की निदान धक्का बसत नाही.

१९८४ मध्ये सेकू तुरे वारले, लष्कराने सत्ता घेतली आणि कलेचा सरकारी ओघ आटला. त्यानंतरच्या दशकात बॅलेतली उत्तम माणसं ब्रसेल्स, पॅरिस, बर्लिन, न्यूयॉर्कला पांगली. वाट आधी लाजी कामारा यांनी पाडून ठेवली होती. ‘बाले आफ्रिकें’तले हे वादक साठच्या दशकातच अमेरिकेत राहून शिकवू लागले होते. कोनाक्रीत मागे खाजगी बॅले फोफावल्या. तिथे तरुण आजही पगाराशिवाय रोज सकाळी सरावाला येतात. का, तर एखाद्या दौऱ्यात आपलं नाव लागेल आणि व्हिसा मिळेल म्हणून. दौऱ्यावरून न परतणं ही यातली जुनी, सगळ्यांना ठाऊक असलेली वाट आहे, आणि तिच्यामुळेच पुढच्या मंडळ्यांचे व्हिसा अडतात.

पैशाचं गणित ठिकाणाप्रमाणे बदलतं. गावात वादक शेतकरीच असतो. समारंभात जेवण, कोला बिया, थोडी रक्कम. शहरात लग्न-बारशाला नाचणाऱ्या बायका वादकाच्या कपाळावर किंवा ढोलावर नोटा ठेवतात. ती रास मुख्य वादकाकडे जाते आणि त्याने ती साथीदारांत वाटायची असते. भांडणं इथेच होतात, आणि चांगल्या नेत्याचा संच टिकतो तोही इथेच. परदेशात मुख्य उत्पन्न वादनाच्या कार्यक्रमांचं नसतं. आठवड्याचे वर्ग, शनिवार-रविवारच्या कार्यशाळा, गावाकडून आणवलेले ढोल आणि कातडी यांची विक्री, आणि हिवाळ्यात विद्यार्थ्यांना गिनीत घेऊन जाण्याची शिबिरं, या चार पायांवर संसार उभा असतो. नाचाच्या वर्गात तीन-चार वादक लागतात, पण फी नर्तक-शिक्षकाच्या नावाने येते. साथीला बसलेल्याच्या वाट्याला थोडं उरतं. त्यात गावाकडच्या वीस-पंचवीस तोंडांची जबाबदारी. एखादा शिक्षक मुदतीआधी पैसे मागतो तेव्हा हे डोक्यात ठेवावं.

आता वाद्य. चांगल्या जेंबेचं तोंड साधारण ३० ते ३८ सेंटिमीटर, उंची ६० सेंटिमीटरच्या आसपास, एका ओंडक्यातून कोरलेला, वजन लाकडाप्रमाणे ५ ते १३ किलो. लाकडं ठरलेली: लेंगे, जाला, दुगुरा, गेले, गेनी. सगळी जड आणि घट्ट. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या बाजारात मिळणारे बरेच जेंबे हलक्या लाकडाचे, इंडोनेशियात किंवा इथेच यंत्रावर कातलेले असतात. शिकायला चालतील, पण ते ताण सोसत नाहीत. पारख अशी करा: आत हात घालून भिंत सगळीकडे सारखी आहे का पाहा, आणि काठ सपाट फरशीवर उलटा ठेवून फट दिसते का पाहा. काठ गोलसर हवा, धारदार नको. धारेवर बोटं सुजतात आणि कातडं तिथेच फाटतं. काठ एका बाजूला उंच असेल तर किणकिण कधीच जात नाही, कितीही ताणा.

कातडं बकरीचं, पातळ. थंड पाण्यात दिवसभर भिजवायचं. गरम पाणी वापरलं तर ते आकसून रबरासारखं होतं आणि आवाज मरतो. पाठीच्या कण्याची रेघ बरोबर मधोमध आणा, म्हणजे दोन्ही हातांखाली जाडी सारखी येईल. लोखंडी कड्या तीन: एक खाली, दोन वर. दोरी न ताणणारी, ४-५ मिलिमीटर जाड पॉलिएस्टरची. एका ढोलाला २० ते ३० मीटर लागते. उभ्या फेऱ्या ओल्या कातड्यावर ओढायच्या, मग चार-सहा दिवस सावलीत सुकू द्यायचं, आणि त्यानंतरच आडव्या गाठींनी शेवटचा ताण. सुकायच्या आधी ताण दिला तर कडी काठाखाली घसरते आणि सगळं उसवून पुन्हा करावं लागतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कातडं सैल पडतं, माणूस गाठी वाढवत जातो, आणि डिसेंबरच्या कोरड्या हवेत रात्रीतून ते काठावर फाटतं. सैल आवाज सहन करा, किंवा वाजवण्याआधी उन्हात थोडं तापवा. गाडीच्या डिकीत ढोल ठेवू नका.

केसाळ कच्चं कातडं घरी खरवडायचं असेल तर एक धोका खरा आहे: अँथ्रॅक्स. २००६ मध्ये न्यूयॉर्कला आयव्हरी कोस्टहून आणलेली कातडी साफ करताना एक वादक-नर्तक श्वासातून झालेल्या अँथ्रॅक्सने मरणाच्या दारी जाऊन आला. ब्रिटनमध्ये २००६ आणि २००८ मध्ये कातड्याच्या ढोलांशी जोडलेले मृत्यूही झाले. कोरडं घासू नये, धूळ उडू देऊ नये, आणि कातडं कुठून आलं ते ठाऊक नसेल तर घेऊच नये. वाजवताना धोका नाही म्हणण्याइतका. तो आहे कातडं साफ करण्यात.

हातांकडे वळू. आवाज तीन: बास, टोन, स्लॅप. बास तळवा आत नेऊन, पूर्ण हाताचं वजन टाकून. तो आवाज कातड्यापेक्षा ढोलाच्या पोटातल्या हवेचा असतो, म्हणून कातडं ताणल्याने त्याचा सूर फारसा हलत नाही. टोन बोटं जुळवून, बोटांच्या मुळाचा मांसल भाग काठावर. स्लॅप जवळजवळ त्याच जागी, पण बोटं सैल आणि किंचित सुटी. टोकं चाबकासारखी पडून उसळतात. फरक जागेचा कमी आणि बोटांच्या ताणाचा जास्त. अंगठा बाहेर ठेवा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात काठावर आपटून काळा-निळा होतो.

तबला येणाऱ्याचा फायदा असा की लय आणि बोल लक्षात ठेवणं त्याला सोपं जातं. तोटे तीन. एक, बोटं स्वतंत्र हलवायची सवय. इथे खांद्यापासून पूर्ण हात खाली यायला हवा, नाहीतर टोन आणि स्लॅप सारखेच ऐकू येतात. ढोलकीवाल्याचं उलट: तो थाप दाबून धरतो, त्यामुळे आवाज कोंडतो. दोन, सम शोधण्याची सवय. इथे सगळे एका बिंदूवर उतरत नाहीत. साथीचा ठेका, सांगबान आणि नर्तकाचं पाऊल तिघांची सुरुवात वेगळ्या जागी ऐकू येऊ शकते. ठोक पायात ठेवा, बाकीचं त्याभोवती चालू द्या. तीन, मात्रांश समान कापायची सवय. मालीतल्या कित्येक तालांत तीन मात्रांश एकसारखे नसतात: पहिला आखूड, दुसरा मध्यम, तिसरा लांब, आणि वेग वाढला तरी हे प्रमाण टिकतं. यंत्राने मोजून हे सिद्ध झालंय. कागदावर लिहिलेल्या बोलांतून ते निसटतं, मेट्रोनोमवर सराव केला तर मरतं. मूळ ध्वनिमुद्रणाबरोबर वाजवणं एवढाच उपाय.

सुरुवातीला दोनच गोष्टी पक्क्या करा. पहिली ही साथ, आठ मात्रांशांत: स्लॅप – – स्लॅप, स्लॅप – टोन टोन. विषम मात्रांश उजव्या हाताला, सम डाव्याला. डावखुरे असाल तर उलट. हा क्रम मोडायचा नाही. हात सोयीने बदलला की दोन मिनिटांनी वजन सरकतं आणि ठेका पळू लागतो. बहुतेकांचं शेवटच्या दोन टोनपाशी चुकतं: ते पुढच्या स्लॅपकडे धावतात. दुसरी, सुरू करण्याचा आणि थांबवण्याचा इशारा. सोळा मात्रांश मोजले तर थापा पडतात १, ३, ४, ६, ८, ९, ११ आणि १३ वर, त्यातली पहिली दोन्ही हात किंचित मागेपुढे टाकून. हा इशारा ओळखता आला तर जगात कुठल्याही जेंबेच्या वर्गात बसता येतं. एकल वादनाकडे मात्र घाईने जाऊ नका. आधी डुंडुन वाजवा, मग नाचाच्या वर्गात मागे उभे राहून पावलं शिका, आणि त्यानंतर.

हात दुखणं ठीक, पण बोटांच्या सांध्यावरची सूज, मनगटात कळ किंवा वाजवल्यावर तांबूस-काळी लघवी ही थांबण्याची खूण आहे. शेवटचं ऐकायला विचित्र वाटेल, पण तासन्‌तास हाताने जोरात वाजवणाऱ्यांत रक्तपेशी फुटून तसं होतं, डॉक्टरकडे जा. कानांना बंद हॉलमध्ये बोळे लावा. अंगठ्या काढा, तबलजी विसरतात.

गिनीत जाऊन शिकायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरा. जुलै-ऑगस्टला कोनाक्रीत कोकणाला लाजवेल असा पाऊस असतो आणि कातडं वाजतच नाही. शहरात सुसू भाषा चालते, आत मानिंका, कागदपत्रांना फ्रेंच. इंग्रजीवर विसंबू नका. पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या. तिचं प्रमाणपत्र तिथे उतरताना मागितलं जाऊ शकतं, आणि परतताना भारतातही ते नसेल तर विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. शिबिराची फी भरण्याआधी तीन गोष्टी लिहून मागा: डुंडुन वाजवणारे किती जण असतील, नाच रोज आहे का, आणि साथीदारांचे पैसे फीमध्ये धरलेत की वेगळे द्यायचे. तिसऱ्याचं उत्तर टाळलं गेलं तर दुसरं शिबिर शोधा.